चुणी नसलेला चेहरा

काकूजींच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नव्हती. वय सहासष्ट, झाशीचं ऊन जन्मभर अंगावर घेतलेलं, आणि तरी कपाळ असं की कुंकवाचं बोट टेकवावं तर घसरून जाईल. डोळ्यांच्या कडेला काही नाही, ओठांच्या वर काही नाही, गळ्याला एक वळी नाही. त्यांच्याबरोबर बड़ा बाज़ारात गेलं की दुकानदार आधी त्यांच्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मला बिनदिक्कत 'आंटीजी' म्हणत. काकूजी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्यासारखा चेहरा मिळावा म्हणून मी पाच महिने वेड्यासारखी वागले, आणि त्याच चेहऱ्यापायी त्यांना रोजचा एकेक घास लढून खावा लागत होता. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे.

काकूजी हे अर्थातच नाव नव्हे. कागदोपत्री त्या कुमुदिनी. पण मराठीतल्या काकूला झाशीने आपला 'जी' चिकटवून टाकला होता आणि दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या त्या काकूजीच होत्या. मी पडले साताऱ्याची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मी आपलं नुसतं काकू म्हणू का?" त्या म्हणाल्या, "म्हण की. पण मग मी वळून बघणार नाही." एवढं बोलून माझ्याकडे तशाच बघत राहिल्या. मला वाटलं, बाई रागावल्या. तेवढ्यात शांतपणे म्हणाल्या, "हसतेय हां मी."

हे त्यांचं नेहमीचं. विनोद केला की चेहरा जागचा हलायचा नाही, आणि मग वर ही सूचना. दूधवाला म्हशीची तक्रार सांगत असला तरी, "भैया, हँस रही हूँ मैं, बुरा मत मानना." मला ही त्यांची लकब फार आवडायची. मी घरी तिची नक्कल करून दाखवायची. आता ते आठवलं की स्वतःच्या गालात मारून घ्यावीशी वाटते.

आमचे हे तेव्हा झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत सुभेदार होते. मुलांच्या शाळेसाठी मी झाशीत राहायचं ठरलं आणि इलाइट चौराह्यापासून दहा मिनिटांवर काकूजींच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. दोन खोल्या खाली, दोन वर, मध्ये लोखंडी जिना. नोकरीत असताना त्यांनी एकटीच्या हिमतीवर बांधलेलं घर. लग्न केलं नव्हतं. जन्म समथरचा, वडील तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. कित्येक पिढ्या बुंदेलखंडात गेल्यामुळे 'हो' म्हणायच्या ऐवजी 'हओ' म्हणायच्या, आणि मध्येच असा एखादा मराठी शब्द काढायच्या की मी चाट पडायची. मऊ भाताला त्या 'आटवल' म्हणत. माझ्या पणजीनंतर हा शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला.

तीस वर्षं त्या मुलींच्या कॉलेजात शिलाई शिकवत होत्या. शिलाईच्या बाईंचा सगळा राग चुकीच्या टाक्यावर निघतो असं मला वाटायचं. काकूजींचं उलट. मुलीने बाही उलटी जोडली तरी त्या आवाज चढवत नसत. "उसवून घे. उसवायला लाज कसली?" एवढंच. हे त्या फक्त कापडाबद्दल म्हणत नव्हत्या. एकदा मी जिन्यात उभी राहून ह्यांच्याशी फोनवर भांडत होते. 'तुमच्या पलटणीशीच लग्न करायचं होतं,' असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. खालून आवाज आला, "मनीषा, ते शेवटचं वाक्य उसवून घे. अजून ताजं आहे तोवर निघेल." मी मुकाट्याने परत फोन लावला. पलीकडे ह्यांनाच आश्चर्य वाटलं.

आता माझं दुखणं सांगते. मी एक्केचाळीस वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांच्या लग्नात नवरीच्या मावशीने मला ह्यांची थोरली बहीण समजून नमस्कार केला, आणि हे हसले. नवरीच्या मावशीला मी केव्हाच माफ केलं. ते हसणं मात्र मी पुढे पुष्कळ दिवस उशीखाली घेऊन झोपत होते. झाशीला आल्यावर तिथल्या उन्हाने उरलंसुरलं काम केलं. डोळ्यांखाली जाळी पडली, गालांवर डाग आले. बेसन झालं, मलई झाली, ट्यूबा झाल्या. आरशासमोर उभी राहून मी दोन बोटांनी कानाजवळची कातडी मागे ओढून बघायची. आणि खाली अंगणात माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी बाई इस्त्री केल्यासारखा चेहरा घेऊन तुळशीला पाणी घालत असायची.

शेवटी दिवाळीत मी धीर केला. "काकूजी, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?"

"खोबरेल. तेही आठवलं तर."

"मग खाता काय?"

काय खातात ते त्यांनी सांगितलं. मी वही काढून लिहून घेतलं. दिवसातून पाच वेळा, पण प्रत्येक वेळी मूठभर. आटवल आणि ताजं ताक. मुगाचं कढण. दलिया, तोही गाळल्यासारखा. तिखट नाही, तळलेलं नाही. संध्याकाळी सहानंतर काही नाही. एका घासामागे एक घोट पाणी. जेवल्यावर दोन तास ताठ खुर्चीत, आडवं व्हायचं नाही. न सांगितलेलं मी माझ्या डोळ्यांनी टिपलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. थंडीची चाहूल लागताच हातात लोकरी मोजे. रोज सकाळी गच्चीत उभं राहून दहा मिनिटं तोंडाचे व्यायाम, म्हणजे आ वासायचा, गाल फुगवायचे, ओठ कानापर्यंत ताणायचे. आणि दर सोमवारी शिलाईच्या टेपने उघडलेल्या तोंडाचं माप घेऊन कॅलेंडरवर लिहायचं. या मापाचा अर्थ मला लागला नाही, तरी वहीत लिहिलं. सौंदर्याची साधना म्हणजे अशीच काटेकोर असणार!

त्यातच मोबाइलवर माझं वाचन सुरू झालं. पोटात चांगले जंतू असतात, ते बरे असले की अंगाची प्रतिकारशक्ती बरी, ती बरी असली की कातडी लवकर म्हातारी होत नाही, असं जो तो सांगत होता. मला तर खाली अंगणात जिताजागता पुरावा मिळाला होता. ताक, मोजकं खाणं, शांत पोट आणि गुळगुळीत कपाळ. सगळं कसं बरोबर जुळत होतं.

झाशीत आम्हा मराठी बायकांचं एक मंडळ होतं. निम्म्या बबीन्याच्या फौजी घरांतल्या, निम्म्या जवळच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरांच्या. मी मंडळाच्या ग्रुपवर सगळी वही टाकली. 'काकूजींचा दिनक्रम, सुरकुत्यांवर रामबाण.' दोन दिवसांत अकरा घरांत आटवल शिजू लागली. जाधव वहिनी भर दुपारी स्कूटरवर लोकरी मोजे घालून फिरू लागल्या. कुलकर्णी वहिनींनी पलंगाखाली विटा लावल्या आणि रोज सकाळी त्यांचे इंजिनिअरसाहेब पायथ्याशी गोळा झालेले सापडू लागले. रक्त चेहऱ्याकडून मागे उतरतं म्हणून गाल लोंबत नाहीत, हा विटांमागचा शोध माझाच होता. हे सुट्टीवर आले तेव्हा पलंग बघून म्हणाले, "ही काय मोर्चेबंदी?" मी सांगितलं, तुमच्या बहिणीसारखी दिसू नये म्हणून चाललंय. त्यांनी विषय बदलला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूजींना मी हाताला धरून घेऊन गेले. "मी कुठल्या खात्यात बसते?" त्यांनी विचारलं. "कुमारिकेच्या," मी म्हटलं. "सहासष्ट वर्षांची," त्या म्हणाल्या. "हसतेय हां मी." तिथे बायका त्यांच्याभोवती अशा गोळा झाल्या की तिळगूळ बाजूला राहिला. कुणी गालाला हात लावून बघत होतं, कुणी हनुवटीला. कुंकू लावताना माझ्या बोटाखाली ते कपाळ जरासुद्धा हललं नाही. कातडी हाडाला घट्ट चिकटल्यासारखी लागली. मला वाटलं, याला म्हणतात कस. काकूजी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होत्या. काय खाता? हे खाते. किती वाजता? इतक्या वाजता. मध्येच त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

होळी आली. तिकडे होळीला कांजी घालतात. गाजराचे लांब तुकडे, मोहरीची पूड, मीठ, पाणी, आणि बरणी चार-सहा दिवस उन्हात. आंबली की लाल आंबट पाणी प्यायचं आणि गाजरं करकरीत खायची. पोटातल्या जंतूंना याहून चांगलं काही नाही, असं मी वाचलं होतं. मी हौसेने बरणी घातली, रोज उन्हाबरोबर फिरवली, आणि रंगाच्या आदल्या दिवशी पहिला पेला काकूजींकडे घेऊन गेले.

पाणी त्यांनी घोट-घोट घेतलं. "छान आंबलीय." गाजरं मात्र पेल्यात तशीच ठेवली. "ती तू खा."

"ते काही नाही. एक तरी खायचंच. मी खास तुमच्यासाठी केलंय. बघा, चेहरा अजून उजळेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक तुकडा उचलला. आजवर मी त्यांना कधी दातांनी काही तोडताना पाहिलं नव्हतं, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्या बराच वेळ चावत होत्या. मी समोर बसून कांजीची कृती सांगत होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच शांत. मी बोलतच होते. त्यांचा हात टेबलावर आपटायला लागला तेव्हा मला वाटलं, माझ्या बोलण्याला ताल देतायत. मग डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून लाळ गळू लागली, शब्द फुटेना, आणि तरीही चेहरा तसाच. कपाळावर एक आठी नाही. माणसाला मरणाची कळ लागली असताना चेहऱ्याला पत्ताच नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. अजून ते डोळ्यांपुढून जात नाही.

जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून अन्ननळीत अडकलेला तुकडा काढला आणि बाहेर येऊन विचारलं, "अम्माजी को कच्ची गाजर किसने खिलाई?"

"मैंने."

"आप इनकी कौन हैं? इतने साल की बीमारी है, आपको मालूम नहीं?"

मी म्हटलं, "किरायेदार हूँ," आणि रडायलाच लागले.

आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. सात वर्षांपासून होता. काकूजींनी मला तो दुसऱ्या दिवशी समजावला. बाहेर गल्लीत रंग चालले होते, आणि त्या ताठ खुर्चीत बसून शिकवल्यासारख्या बोलत होत्या.

"तुम्ही फौजवाले. तुला लवकर कळेल. अंगात एक फौज असते, बाहेरच्या जंतूंशी लढायला. ती कधी कधी फिरते आणि आपल्याच छावणीवर गोळ्या झाडते. माझ्या फौजेने माझी कातडी धरली. ती आवळत चाललीय. बाहेरची दिसते, आतली दिसत नाही. गळ्यापासून खाली पोटापर्यंतची नळीही तशीच. घास आपोआप खाली सरकत नाही, पाण्याने ढकलावा लागतो. ढकलला तरी उलटून वर येतो, म्हणून विटा."

"आणि मोजे?"

त्यांनी मोजे काढून नळाखाली हात धरला. माझ्यादेखत बोटं खडूसारखी पांढरी झाली, मग निळी. "सौंदर्य बघ," त्या म्हणाल्या, आणि या वेळी हसत असल्याची सूचना दिली नाही.

"आणि तोंडाचं माप?"

"तोंड लहान होत चाललंय. पहिल्यांदा तीन बोटं आत जायची. आता दोन, तीही दाटून. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, नाहीतर नळीने जेवायची वेळ येईल. मला नळी नकोय, मनीषा. मला बाकी काही नको, पण तोंडाने खायचंय. चव कळली पाहिजे."

मी विचारलं, मग आम्हा बायकांना सांगितलं का नाही?

"मी खोटं बोलले नाही. काय खाता म्हणून विचारलंत, ते सांगितलं. का खाता, हे कुणी विचारलंच नाही." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? विशीत मला कॉलेजात 'बूढ़ी' म्हणायचे. कपाळाला आठ्या, गालांना खळगे. रूपाची म्हणून कुणी कधी वळून बघितलं नाही. साठीनंतर तुम्ही बायका माझं तोंड बघायला यायला लागलात. आवडलं गं मला. चूक होती माझी. ती उसवायला हवी होती."

मग त्यांनी शिलाईच्या पेटीतून एक पांढरा कडक तुकडा काढला. कॉलरच्या आत घालतात ते बकरम. "याला चुणी पाड." मी प्रयत्न केला. तुकडा परत ताठ. त्यांनी माझा सुती पदर मुठीत चुरगळला, सोडला, आणि पडलेल्या चुण्यांवरून हात फिरवला. "कापड मऊ असतं म्हणून चुणी पडते. माझं बकरम झालंय. तुझ्या डोळ्यांपाशी ज्या रेघा आहेत ना, त्या बघून मला सकाळी सकाळी हेवा वाटतो."

मला हेवा वाटून घ्यायची जन्मभराची सवय, पण माझा हेवा कुणाला वाटेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या पलंगाखालच्या विटा काढल्या.

ग्रुपवर खुलासा लिहायला मी घेतला, पण काकूजी म्हणाल्या, लिहून नको, मी येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या आल्या, मोजे काढून ठेवले आणि उभं राहून सगळं सांगितलं. आवाजात दीनपणा नाही, उपदेशाचा सूर नाही. कुलकर्णी वहिनींनी विचारलं, "म्हणजे पोटाचा आणि चेहऱ्याचा काहीच संबंध नाही का?"

"आहे की. त्या फौजेची मोठी छावणी पोटातच आहे, असं लखनौचे माझे डॉक्टर सांगतात. भाज्या खा, ताक प्या, नीट झोपा, तंबाखू-मिश्रीला हात लावू नका, उन्हात डोकं-तोंड झाका. कातडी तुमची आभारी राहील. पण पोट म्हणजे इस्त्री नव्हे. पन्नाशीची बाई पन्नाशीचीच दिसणार. आणि ज्यांना धड गिळता येतं त्यांनी माझी आटवल कशाला खायची? भाकरी खा. चावून खा. माझ्या वाटणीची पण खा." जाधव वहिनी ओक्साबोक्शी रडायला लागल्या. काकूजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बुंदेलीतल्या लाडाच्या हाकेने म्हणाल्या, "काय बिन्नू, रोती काय हो? मोजे धुऊन ठेव. पुढच्या थंडीत मला लागतील."

त्यानंतरची अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. दर तीन महिन्यांनी त्या लखनौच्या मोठ्या दवाखान्यात जायच्या, मी सोबत. फौजेला आवरायच्या गोळ्यांनी फुप्फुसं सांभाळली, खोकला कमी झाला. तोंड मात्र ऐकेना. सोमवारचं माप आता मीच घ्यायची आणि कमी भरलं की टेप जरा ढिली धरायची. त्यांच्या ते लगेच लक्षात यायचं. "मनीषा, मास्तरणीला फसवू नये. बरोबर लिही." सकाळचे व्यायाम आम्ही दोघी गच्चीत करायचो. समोरच्या घरातली माणसं आम्हाला वेड्या समजत असतील. मला त्यांच्याबरोबर आ वासताना रडू यायचं आणि त्यांना माझा चेहरा बघून हसू.

मी स्वयंपाकाला भिडले. भाकरी दुधात भिजवून, वाटून, गाळून. वांग्याचं भरीत रेशमासारखं. पुरणपोळीचं नुसतं पुरण, पातळ करून, वर जायफळ. प्रत्येक चवीला त्या डोळे मिटायच्या आणि त्यातला एकेक जिन्नस ओळखून सांगायच्या. "जिरं जरा जास्त भाजलंस." तासभर जेवण चालायचं. त्यांनी कधी घाई केली नाही, वैताग केला नाही, आणि दुसऱ्यांदा कधी वाढून घेतलं नाही. पोट तेवढंच घ्यायचं. मी एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःच्या नशिबाला बोल लावताना ऐकलं नाही. मी असते तर रोज देवाला फैलावर घेतलं असतं.

हे निवृत्त झाले आणि आम्ही साताऱ्याला आलो. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. काय खाल्लं, एवढाच विषय. हळूहळू त्यांचं बोलणं अस्पष्ट व्हायला लागलं, ओठ नीट मिटत नव्हते. वर्षभराने एका शनिवारी त्या म्हणाल्या, "एकच बोट जातं आता. वजन उतरलंय. बुधवारी लखनौला पोटातून नळी बसवणार. मी हओ म्हटलं." पुढे म्हणाल्या, "म्हणजे तोंडाने जेवायचा हा माझा शेवटचा मंगळवार. येतेस?"

मी सोमवारी पोचले. समथरहून त्यांचा भाचा येऊन त्यांना लखनौला नेणार होता. माझी परतीची गाडी मंगळवारी दुपारची. गुरुवारी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, माझा पाय निघत नव्हता तरी तिकीट काढूनच आले होते. काकूजी खूप वाळल्या होत्या. चेहरा तसाच, गुळगुळीत.

"काय करू?" मंगळवारी सकाळी मी विचारलं.

"तुझ्या घरी आज जे केलं असतंस ते."

मी तांदूळ, मुगाची डाळ, वर लसणीची फोडणी आणि साजूक तूप असा भात केला आणि घोटून-घोटून लोण्यासारखा केला. अर्ध्या चमच्याहून जास्त तोंडात जात नव्हता. एक चमचा, पाणी, थांबायचं, तो उतरायची वाट बघायची. मग दुसरा. त्यांनी डोळे मिटले होते. दर घासाला माझ्या हातावर त्यांची दोन कडक बोटं टेकायची. दीड तास झाला. भांड्याचा तळ लागला, तोही मी निपटून भरवला. बाहेर मला स्टेशनवर नेणारा ऑटो येऊन उभा राहिला होता. भैया हॉर्न वाजवत होता.

काकूजींनी डोळे उघडले. भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून आहे?"

मी खिडकीतून ऑटोवाल्याला सांगितलं, "भैया, आप जाइए." आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले.